कडेकडेने चला

आमच्या म्युझियममध्ये येणाऱ्या माणसाला सर सगळ्यात आधी छत दाखवत. पाहुणा पोर्चच्या पायऱ्या चढून, चपला काढून दारात आला की सर नमस्कार करत आणि म्हणत, "वर बघा." पाहुणा वर बघे. "ती भेग दिसली? मागल्या वर्षी नव्हती." मग पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्या अगत्याने, "या ना, आत या." तोवर बऱ्याच जणांची आत येण्याची हौस फिटलेली असे.

ही साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकती बी.ए. झाले होते आणि बंगळुरातल्याच चामराजपेटहून रोज बसने यायचे. येणाऱ्यांना वस्तू दाखवायच्या आणि चार वाक्यं माहिती सांगायची, एवढंच माझं काम. सर तिथले सुपरिंटेंडंट. मूळचे आनेकलचे, आमच्यासारख्याच फार पूर्वी इकडे येऊन रुजलेल्या मराठी घरातले. आमच्या घरांत मराठी चुलीपाशी, कन्नड दारापाशी आणि इंग्रजी कागदावर, अशी वाटणी असते. सरांची वाटणी थोडी निराळी होती. हुकूम ते कन्नडमध्ये सोडत, तक्रारी इंग्रजीत करत आणि घाबरत मात्र मराठीत. म्युझियमात मराठी कळणारी मी एकटीच, त्यामुळे त्यांची सगळी भीती माझ्या वाट्याला यायची.

म्युझियम म्हणजे एका धनाढ्य व्यापाऱ्याचा जुना महाल. त्याच्या वारसांनी तो सरकारला देऊन टाकला होता. बाहेरून बघणाऱ्याची छाती दडपावी असं ते घर होतं. पुढे घोडागाडी सहज वळेल एवढा पोर्च, जाडजूड गोल खांब, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार टोप्या. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांवर त्या असायच्याच, लोक त्यांना मंकी टॉप म्हणतात. आत खांबांना असा घोटीव चुना लावलेला की केस सारखे करायला आरसा नको. खाली भलामोठा दिवाणखाना, त्यावर तेवढाच दुसरा, आणि दोघांना जोडणारा एकच लाकडी जिना, मध्ये काटकोनात वळणारा. व्यापाऱ्याने वरचा दिवाणखाना गाण्याबजावण्यासाठी बांधला होता. तिथे गालिच्यावर बसून माणसांनी माना डोलवाव्या, याहून जास्त वजनाची त्या जमिनीकडून कोणाची अपेक्षा नव्हती.

वरची ती जमीन म्हणजेच खालचं छत. आमच्याकडे त्याला मद्रास टेरेस म्हणतात. आडव्या सागवानी तुळया, त्यांच्यावर चुन्यात उभ्या बसवलेल्या विटा, त्यावर पुन्हा चुना. लोखंड नाही की सिमेंट नाही. अशी छतं बंगळुरात शेकड्यांनी होती आणि त्यांच्याखाली लोक सुखाने झोपत होते. पण सर मला विचारत, "अक्का, हे सगळं कशावर उभं आहे सांगा? तुळईच्या टोकावर. टोक कुठे आहे? भिंतीच्या पोटात. भिंतीच्या पोटात काय चाललंय ते तुम्ही बघितलंय? मी बघितलंय? कोणीच नाही बघितलं!" मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण सर धाकट्या पोरींनाही अक्का म्हणत आणि अहोजाहो करत.

तुळई मध्यात सगळ्यात कच्ची, म्हणून सर वरच्या मजल्यावर कधीही खोलीच्या मधून चालले नाहीत. भिंतीला खांदा घासत, एका पायापुढे दुसरा ठेवत जायचे, आणि आम्हालाही तसंच चालायला लावायचे. "कडेकडेने चला" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की अजून कोणाच्या घरी माडीवर गेले की पाय आपोआप भिंतीकडे वळतात. वरच्या दिवाणखान्याच्या मधोमध त्यांनी वेताच्या रिकाम्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कोणी तिथे जाऊ नये म्हणून. लोकांना वाटे हा व्यापाऱ्याच्या बैठकीचा देखावा आहे. त्यांचं स्वतःचं टेबल दाराच्या कमानीत होतं, अर्धं आत आणि अर्धं व्हरांड्यात. कमान शेवटी पडते, असं त्यांचं मत. त्यामुळे आम्ही सगळे, येणाऱ्या बड्या पाहुण्यांसकट, पोट आत ओढून त्या टेबलाच्या बाजूने सरकत जायचो. डबाही ते तिथेच खात, आणि तोही उभ्याने.

छतावरच्या प्रत्येक भेगेवर त्यांनी काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवलेली होती. भेग हलली तर काच तडकते, अशी ती युक्ती. सकाळी आल्याबरोबर शिडी लावून ते सगळ्या काचा तपासत. संध्याकाळी दाराला कुलूप लावलं की रुमालाने मान पुसून म्हणत, "बरं, आज निभावलं." रोज. एखादं लढाऊ जहाज बंदराला लावल्यासारखं.

मी हसायचे. पहिलं वर्षभर तर घरी गेल्यावर त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. पण भीती ही खरजेसारखी असते, शेजारी बसलं तरी लागते. दुपारी ऊन चढलं की त्या घरातलं लाकूड कुरकुरायला लागे. कुठेतरी आत, गिलाव्यामागे, चिमूटभर वाळू घसरल्याचा आवाज येई. मी बोलता बोलता थांबे. समोरचे पाहुणे माझ्याकडे बघत आणि मी छताकडे. एकदा टेबलावरच्या कोऱ्या कागदावर चुन्याची पांढरी भुकटी पडलेली दिसली. फुंकर मारून उडवली, थोड्या वेळाने पुन्हा पडली. त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं. घरी जेवायला बसले तरी मान वर. आई म्हणायची, "वर काय बघतीस ग सारखं? पल्ली आहे काय?" पाल असती तर बरं झालं असतं.

सरांनी इतके अर्ज केले की शेवटी खात्याने एक इंजिनियर पाठवला. चांगला गलेलठ्ठ, हसतमुख माणूस. सरांचं सगळं ऐकून घेतलं, वर गेला, वेताच्या खुर्च्या बाजूला सारल्या आणि खोलीच्या मधोमध उभा राहून चक्क उड्या मारायला लागला. लहान मुलासारख्या. मी आणि सर खाली कमानीत उभे. प्रत्येक उडीला छतातून एक खोल आवाज येई आणि सर माझं मनगट घट्ट आवळत. वरून तो ओरडला, "पडलं का, स्वामी?" आणि खदाखदा हसला. खाली आल्यावर त्याने सरांच्या चहाच्या कपाकडे बघितलं. चहावर चुन्याची साय आली होती. तरीही त्याने इमारत सुस्थितीत आहे असं लिहून दिलं आणि निघून गेला.

सर असे का होते, याबद्दल म्युझियमात तऱ्हेतऱ्हेचे अंदाज होते. कोणी म्हणे लहानपणी त्यांच्या अंगावर भिंत पडली होती, कोणी म्हणे बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "अक्का, खाली माणसं असतात ना. आणखी कारण कशाला पाहिजे?"

आता वीरगळांबद्दल सांगायला हवं. देवनहळ्ळीच्या बाजूच्या शेतांतून आणलेले चारपाच मोठे वीरगळ आमच्याकडे होते. लढाईत मेलेल्या गड्याच्या नावाने उभे केलेले दगड. खाली लढाई, मध्ये त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर स्वर्ग. माणसाहून उंच आणि हत्तीसारखे जड. ते खालच्या दिवाणखान्यात, भिंतीला टेकून उभे होते आणि सरांची त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती, कारण ते जमिनीवर होते.

एका वर्षी नवरात्राच्या आधी शहरातल्या एका महिला समाजाच्या अध्यक्षीणबाई आल्या. मोठ्या घरच्या, मोठ्या आवाजाच्या. नवरात्रात आमच्या मुलखात घरोघरी पायऱ्या रचून गोंबे मांडतात, म्हणजे बाहुल्या. देव, राजे, वाणी, लग्नाची वरात, सगळं. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी, पट्टद गोंबे. मुलीला ते माहेरहून मिळतात. बायका एकमेकींकडे गोंबे बघायला जातात, कुंकू घेतात, गाणी म्हणतात. तर यंदा समाजाचे गोंबे म्युझियमच्या दिवाणखान्यात मांडायचे, असं बाईंनी आमच्या खात्याच्या डायरेक्टरसाहेबांकडून मंजूर करून आणलं होतं. दिवाणखाना बघून त्या खूष झाल्या, आणि वीरगळ बघून दचकल्या.

"गोंब्यांशेजारी मेलेल्यांचे दगड? आमची एक बाई उंबरा ओलांडायची नाही!"

सर म्हणाले, बाहेर बागेत ठेवतो, शेतात शतकानुशतकं पाऊस खाल्लाय त्यांनी. डायरेक्टरसाहेब म्हणाले, म्युझियमची वस्तू उघड्यावर ठेवलेली मंत्र्यांनी पाहिली तर? मग उरलं काय? वरचा मजला. ऐलेसा, ऐलेसा करत हमालांनी दोर आणि बांबू लावून ते दगड जिन्यावरून वर चढवले आणि वरच्या दिवाणखान्याच्या मधोमध, खुर्च्यांच्या जागी, उभे केले. जिन्याची प्रत्येक पायरी कण्हत होती. सर व्हरांड्यात पाठ फिरवून उभे होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटलेली मला दिसत होती.

आणि मग पायऱ्या रचण्यासाठी खालचा जमखाना उचलला. तांबडी, गुळगुळीत जमीन उघडी पडली. सर एकदम खाली बसले, हाताने जमीन चाचपायला लागले. मध्यभागी दोन वाटोळे डाग होते, बाकीच्या जमिनीपेक्षा जरा गडद. परातीएवढे.

"इथे खांब होते," सर मराठीत म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "अक्का, इथे दोन खांब होते. काढलेत."

म्हातारा माळी मुनियप्पा व्यापाऱ्याच्या वेळेपासूनचा. त्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, हो, धाकट्या मुलीच्या लग्नात काढले. साहेबलोक येणार होते, खांबामुळे त्यांना नवरानवरी दिसली नसती. इतकी वर्षं ते छत मधल्या आधाराशिवाय उभं होतं आणि आता नेमके त्या दोन डागांच्या डोक्यावर वीरगळ उभे होते. सरांनी डायरेक्टरसाहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, इतकी वर्षं राहिलंय ना, आणखी दहा दिवस राहील.

त्या दिवसांत मला झोप लागत नसे. नोकरी सोडावी असं वाटे आणि सोडवतही नसे, कारण मी गेले तर सर एकटेच उरतील. सकाळ झाली की दिवाणखाना बायकामुलींनी भरे. रेशमी परकर, मोगरा, चण्यांची सांडलेली उसळ, पायऱ्यांपुढे बसलेली बाळं. त्यांच्या डोक्यावर काय उभं आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

नवरात्र निम्मं सरलं तेव्हा गर्दी खाली मावेना. अध्यक्षीणबाईंनी ठरवलं, कुंकू खाली आणि गाणी वर. सरांनी हात जोडले, अक्षरशः जोडले. बाई म्हणाल्या, "अहो, दहावीस बायका गातील, तुमचा महाल काय विरघळणार आहे?" दगड चादरींनी झाकले आणि बायका वर जाऊन बसल्या. गाणं सुरू झालं. टाळ्यांचा ठेका छतातून खाली येत होता.

सर आणि मी कमानीत उभे होतो. मी त्यांच्याकडे बघत होते, ते काचेकडे. मला आवाज ऐकू आला नाही. त्यांचा चेहरा बदललेला दिसला तेव्हा मी वर पाहिलं. भिंतीजवळ, तुळईच्या टोकापाशी, काचेचे दोन तुकडे झाले होते.

माझ्या तोंडून किंकाळी फुटणार तोच सरांनी तोंडावर हात धरला. "ओरडू नका. ओरडलात तर वरच्या पळतील. एवढ्या बायका एकदम धावल्या की आलंच ते खाली." ते खरं होतं. जिना एकच, त्यात वळण. पण ओरडायचं नाही तर करायचं काय? एवढ्या बायका सणाच्या दिवशी, गाणं अर्धं टाकून, हळूहळू उठून घरी कशा जातील?

सरांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते निघाले. दिवाणखान्याच्या अगदी मधून, बायकांच्या घोळक्यातून, दोन्ही डागांवर पाय देत ते सरळ गोंब्यांपर्यंत गेले. मी त्यांना असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. हात लांबवून त्यांनी वरच्या पायरीवरचा राजा उचलला आणि आडवा निजवला. मग राणी.

आमच्याकडे राजाराणीला दशमीनंतर, आरती करून निजवतात. निजवलं की सण संपला. त्यानंतर तिथे कोणी कुंकू घेत नाही, गाणं म्हणत नाही, बसत नाही. आणि मध्येच निजवले, तर त्याहून वाईट शकुन नाही. आमची आई तर त्या दिवसांत राजाराणीला धक्का लागेल म्हणून पायऱ्या झाडायचीसुद्धा नाही.

कुंकवाची बोटं तशीच हवेत राहिली. अध्यक्षीणबाई पांढऱ्या पडल्या. "काय केलंत हे?"

"मंगळ झालं, अम्मा," सर हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले. "संपलं. घरी जा."

कोणी भांडलं नाही. बायका उठल्या, मुलांना कडेवर घेतलं, मागे न बघता बाहेर पडल्या. कुजबुज जिन्याने वर गेली, गाणं थांबलं, आणि वरच्या बायका दोघी दोघी, तिघी तिघी करत खाली उतरल्या. ओठ घट्ट मिटलेले, हात कठड्यावर. एक म्हातारी सरांच्या अंगावरून जाताना कडाकडा बोटं मोडून गेली. पण पळालं कोणी नाही. मी दारात उभी राहून जिन्यावरचं एकेक पाऊल मोजत होते.

सगळ्या गेल्यावर मला गोंबे आठवले. घराघरांतून आणलेले, लोकांच्या आज्यांचे. मी आत धावले आणि पदरात गोळा करायला लागले. सर तिथेच उभे होते, मान वर करून. ओठ हलत होते. मला वाटलं, रामरक्षा म्हणतायत. मग त्यांची नजर खाली आली, माझ्यावर पडली, आणि ते असे ओरडले की मी तसा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. दंडाला धरून त्यांनी मला फरफटत बाहेर काढलं. पदरातला मातीचा वाणी उंबऱ्यावर पडून फुटला.

छत पडलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दसऱ्यालाही नाही.

शहरभर बोभाटा झाला. चौकशी बसली. तो गलेलठ्ठ इंजिनियर म्हणाला, काच उन्हानेही तडकते. मी साक्ष द्यायला तयार होते, पाठ करून ठेवलं होतं काय काय बोलायचं ते. सरांनी मला येऊ दिलं नाही आणि स्वतः एक शब्द बोलले नाहीत. एवढे कागद लिहिणारा माणूस, समोर विचारत होते तेव्हा खाली मान घालून बसला. राजीनामा देऊन आनेकलला निघून गेला. मला त्यांचा फार राग आला. सगळ्यांना वाचवायचं आणि मग स्वतःची बाजूही मांडायची नाही, हा कसला शहाणपणा?

मी तिथेच राहिले. नव्या साहेबांनी काचा काढून टाकल्या आणि टेबल दिवाणखान्याच्या मध्ये ठेवलं. वीरगळ वरच होते. पुढची काही वर्षं मी त्या छताखाली रोज गेले आणि रोज जीव मुठीत धरून बाहेर आले. आता माझ्याशी मराठीत घाबरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे भीती आतल्या आतच राहायची.

मग एकदा पंखे बसवायला सुतार आले. तुळईच्या टोकाजवळ पटाशी लावून हातोडीचा एक ठोका मारला, तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर मागून लाडवाच्या बेसनासारखी पिवळी भुकटी भुरुभुरु गळायला लागली. वाळवीने आतून सगळं खाल्लं होतं. एकेक तुळई तपासली, बहुतेक सगळ्यांची टोकं तशीच. सुतार शिडीवरून उतरला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्याच दिवशी महाल बंद झाला, लाकडी टेकू लावून छताला आधार दिला आणि वीरगळ खाली आणून बागेत ठेवले.

पुढच्या रविवारी मी आनेकलची बस पकडली. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते. सर घराच्या अंगणात चिंचेखाली बसलेले होते. खूप वाळले होते. घरात या म्हणाले नाहीत, दुसरी खुर्ची मागवली. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. पटाशी, भुकटी, वाळवी. "सर, तुमचं बरोबर होतं. शंभर टक्के. आता मी खात्याला लिहिते."

मला वाटलं होतं ते हसतील, रडतील, निदान उठून उभे राहतील. त्यांनी विचारलं, "खाली कोणी होतं का?"

"नाही सर. कोणाला काही झालं नाही."

"मग लिहू नकोस," ते म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकेरी हाक मारली. मग अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत ते सांगायला लागले. "बायका गेल्या, दिवाणखाना रिकामा झाला, तेव्हा मी वर बघितलं. मनात आलं, आता मला सगळे वेडा म्हणणार. नोकरी गेली, अब्रू गेली. मग मी छताला म्हणालो, पड. आत्ता पड. एकदा दाखव यांना. देवाची शपथ घेऊन म्हणालो. जन्मात दुसरं काही इतकं मनापासून मागितलं नसेल. आणि मान खाली केली तर तू मध्ये बसली होतीस, गोंबे वेचत."

चिंचेखाली बसूनही माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात इतकी वर्षं काढली, पण अशी भीती मला तिथे कधी वाटली नव्हती.

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं मी आत आलेय ते," मी म्हणाले. "आणि पडलं नाही ना, सर."

"नाही पडलं," ते म्हणाले. "पण मी म्हणालो होतो."